अरब स्त्रीचा उद्योग : शिक्षण कोणते, संघटन कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल, याची मला कल्पना आहे. अरब देशांतील उद्योजक स्त्रियांना प्रशिक्षण द्यावे, त्यांचे परस्परसंबंध जुळवून द्यावेत, हा विषय जागतिक बँकेच्या परिषदेत शोभेल, समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गात त्याचे काय काम, असा प्रश्न मला येथे येण्यापूर्वी एका जुन्या साथींनी विचारलाही. प्रश्न गैर नाही. 'उद्योजक' हा शब्द आपल्या कानाला मालकाचा शब्द वाटतो. परंतु ज्या स्त्रियांना या कार्यक्रमांतून उद्योजक म्हणून संबोधले जाते, त्या बहुसंख्येने कोण आहेत, हे पाहिल्याशिवाय नाक मुरडणे बरे नव्हे. कैरोच्या दाट वस्तीत शिलाईयंत्रावर वाकलेली बाई, जॉर्डनच्या खेड्यात बकरीच्या दुधाचे चीज करून विकणारी विधवा, मोरोक्कोच्या डोंगरात दगडावर फळे फोडून तेल काढणारी म्हातारी, या त्या उद्योजिका होत. त्या कोणाच्या नोकर नाहीत आणि कोणाच्या मालकही नाहीत. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभारली, तेव्हा मालकच नसेल तर संघर्ष कोणाशी आणि युनियन कसली, अशी हरकत सरकारी खात्याने घेतली होती. तिला मिळालेले उत्तर असे होते की, संघटना मालकाविरुद्ध असावी लागत नाही. ती श्रमिकांसाठी असावी लागते. अरब स्त्रियांच्या प्रश्नाकडेही मी याच दृष्टीने पाहते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अरब देशांत कामकरी वयाच्या पाच स्त्रियांपैकी जेमतेम एक स्त्री श्रमशक्तीत गणली जाते. जगाची सरासरी निम्म्याच्या जवळ आहे. जॉर्डनमध्ये तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिले आहे. 'गणली जाते' हा शब्द मी मुद्दाम वापरला. शेतात राबणारी, घरी बसून भरतकाम करणारी, कुटुंबाच्या दुकानात हात लावणारी बाई पुष्कळदा या हिशेबात येतच नाही. तरीही एवढे खरे की, मोबदला मिळणाऱ्या कामाची दारे अरब स्त्रीला इतरांपेक्षा अधिक बंद आहेत.

याचे कारण काय? रूढ निदान असे की, तिला ज्ञान नाही, कौशल्य नाही, आत्मविश्वास नाही. सबब तिला शिकवा. या निदानाची परीक्षा करण्यास फार लांब जावे लागत नाही. ट्युनिशिया, अल्जीरिया, कुवेत, कतार अशा अनेक अरब देशांत विद्यापीठांतून शिकणाऱ्यांमध्ये मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. आणि त्याच ट्युनिशियात पदवीधर स्त्रियांमधील बेकारी पदवीधर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. उणीव शिक्षणाचीच असती, तर शिकलेली मुलगी घरी बसली नसती. तेव्हा जिला अकाउंटन्सीची पदवी आहे, तिला जमाखर्च कसा मांडावा याचे तीन दिवसांचे शिबिर देऊन प्रश्न सुटेल, असे मानणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा प्रकार आहे.

हे लेप कोण लावीत आहे, तेही पाहा. मार्च २००८ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकेतील बलाढ्य बँकेने जगातील दहा हजार स्त्रियांना व्यवसायशिक्षण देण्याची योजना जाहीर केली. कैरोचे अमेरिकन विद्यापीठ तिच्यात सहभागी होते. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकेची बँकव्यवस्था कोसळली, आणि याच बँकेला तिच्या सरकारने दहा अब्ज डॉलरचे भांडवल पुरवून आधार दिला. कैरोच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला हिशेबाची शिस्त शिकवणाऱ्यांची स्वतःची शिस्त ही अशी! पुढे २०१७ साली हॅम्बुर्गच्या जी-२० परिषदेत स्त्री उद्योजकांच्या अर्थसाहाय्यासाठी जागतिक बँकेच्या आश्रयाखाली एक निधी उभारला गेला. या योजनांतून कोणाचे भले झालेच नाही, असे मी म्हणणार नाही. शिकलेले कधी वाया जात नाही. माझा आक्षेप एवढाच की, त्यांच्या मांडणीत दोष नेहमी बाईच्या अंगी असतो. कायद्याच्या, मालमत्तेच्या आणि बाजाराच्या अंगी तो कधीच नसतो.

दुसऱ्या बाजूचा एक गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. स्त्रीने व्यापार करणे ही पाश्चात्त्यांनी आणलेली गोष्ट आहे, असे तेथील सनातनी सांगतात. पण पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा या मक्केतील नावाजलेल्या व्यापारी होत्या, आणि विवाहापूर्वी पैगंबरांनी त्यांच्या व्यापाराची कामगिरी सांभाळली होती, हे मुसलमान समाजात लहान मूलही जाणते. जेद्दाच्या व्यापारी मंडळाने स्त्रियांसाठी केंद्र काढले, तेव्हा त्याला खदीजांचेच नाव दिले. इस्लामी कायद्याने स्त्रीची मालमत्ता लग्नानंतरही तिचीच मानली. इंग्लंडातील विवाहित स्त्रीला तो हक्क मिळण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अर्थात, त्याच परंपरेत मुलीचा वारसा भावाच्या निम्मा ठरला, हेही झाकून ठेवता येणार नाही. ट्युनिशियाच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली समान वारशाचे विधेयक मंजूर केले, परंतु राष्ट्राध्यक्ष एसेब्सी २०१९ च्या जुलैत निवर्तले आणि ते विधेयक अडगळीत पडले. जिच्या नावावर जमीन नाही, तिला बँक तारण कशाचे मागणार? प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र काही तारण म्हणून चालत नाही.

आता परस्परसंबंधांच्या जाळ्याविषयी. अरबीत 'वास्ता' असा एक शब्द आहे. आपण ज्याला वशिला म्हणतो, तोच. परवाना, कंत्राट, कर्ज, वाहतूक, जकातनाका, सर्वत्र वास्ता लागतो. तो पुरुषाला कोठे मिळतो? कॉफीच्या दुकानात, टोळीच्या बैठकीत, मशिदीच्या पायऱ्यांवर, व्यापारी मंडळाच्या कचेरीत. पुरुषांचे जाळे जन्मतःच विणलेले असते, म्हणून त्याला कोणी जाळे म्हणत नाही. स्त्रीला मात्र ते मुद्दाम विणावे लागते. म्हणून स्त्रियांनी एकमेकींना धरून उभे राहावे, एकीने दुसरीला गिऱ्हाईक सांगावे, तिसरीने कच्च्या मालाचा भाव कळवावा, ही कल्पना मी तुच्छ मानीत नाही. ती संघटनेची पहिली पायरी आहे.

पण ती पायरीच राहते की पुढे जाते, यावर सारे अवलंबून आहे. २००५ साली जेद्दाच्या व्यापारी मंडळावर दोन स्त्रिया निवडून आल्या. सौदी अरेबियात तोवर हे अकल्पित होते. २०१८ साली तेथील सरकारने पुरुष पालकाच्या संमतीविना स्त्रीला व्यवसाय सुरू करण्याची मुभा दिली. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि त्याच वर्षी स्त्रियांना मोटार चालवण्याचा हक्क मिळाला आणि तो मागणाऱ्या अनेक स्त्रिया तुरुंगात गेल्या, हेही विसरता येत नाही. राजाने दिलेले दान आणि लोकांनी मिळवलेला हक्क यांतील भेद आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मूठभर सुस्थित घराण्यांतील स्त्रियांचे जाळे हे शेवटी नवा वास्ता होऊन बसते. पुरुषांच्या वशिल्याला स्त्रियांचा वशिला, एवढाच फरक.

मग खरे संघटन दिसते कोठे? मी तीन उदाहरणे देते. त्यांतील पहिले मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातील. अगादीर आणि एस्सविरा यांच्या परिसरात अर्गान नावाचे काटेरी झाड आहे. बकऱ्या त्याच्या फांद्यांवर चढून पाला खातात, अशी छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्याच्या फळातील कठीण कवच दोन दगडांमध्ये फोडायचे, आतला गर भाजायचा, आपल्या जात्यासारख्या दगडी जात्यावर दळायचा आणि हाताने मळून तेल काढायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या तेथील स्त्रिया करीत आल्या. या स्त्रिया बहुतांशी अमाझिग, म्हणजे बर्बर भाषिक आहेत, हेही ध्यानात ठेवा. 'अरब स्त्री' या एका शब्दाखाली अनेक समाज नांदतात. काम बाईचे, पण रस्त्याच्या कडेला बाटली विकून पैसे हाती घेणारा पुरुष. १९९६ साली रबातच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झुबिदा शर्रूफ यांच्या पुढाकाराने तामानार येथे 'अमल' ही स्त्रियांची सहकारी संस्था निघाली. प्रारंभी आल्या त्या विधवा आणि घटस्फोटिता, कारण इतरांना घरून परवानगी नव्हती. तेथे त्यांना तेलाची शुद्धता राखण्याचे शिक्षण मिळाले, अक्षरओळख मिळाली, आणि मुख्य म्हणजे विक्रीचा पैसा त्यांच्या स्वतःच्या हाती आला. शिक्षण आणि संघटन एकत्र आले म्हणजे काय घडते, त्याचा हा धडा. १९९८ साली अर्गानच्या वनाला युनेस्कोची मान्यता मिळाली, पुढे संयुक्त राष्ट्रांनी १० मे हा अर्गानचा दिवस म्हणून जाहीर केला, आणि त्या तेलाला युरोपच्या प्रसाधनगृहांत सोन्याचे मोल आले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. तेलाला भाव येताच दलाल आले. बाजारातून फळे घाऊक खरेदी होऊ लागली. कवच फोडण्याचे काम तेवढे बायकांकडे राहिले, कारण ते अजून यंत्राला नीट साधलेले नाही. दळणे, गाळणे, बाटल्या भरणे आणि विकणे कारखान्यांकडे गेले. सहकारी संस्थेची पाटी लावून आत मजुरीवर काम करून घेणारेही निघाले. दिवसभर दगडावर दगड आपटणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते आणि बाटलीवर तिचेच हसरे चित्र छापलेले असते. आपल्या साखर कारखान्यांचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना हे कळण्यास अवघड जाणार नाही. सहकाराची नोंदणी म्हणजे सहकार नव्हे. भागधारक कोण, हिशेब कोण वाचतो आणि सभेत हात कोण वर करतो, यावर सहकार ठरतो.

दुसरे उदाहरणही मोरोक्कोचेच. तेथे सुमारे दीड कोटी हेक्टर जमीन टोळ्यांच्या सामुदायिक मालकीची आहे. शहरे वाढली, जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा मोबदल्याची वाटणी पुरुषांतच झाली. किनित्रा परिसरातील रुकिया बेल्लोत यांनी आपल्या भावांना वाटा मिळतो, मग मला का नाही, असा साधा प्रश्न विचारला. २००७ पासून 'सुलालियात' या नावाने या स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले. मोरोक्कोतील एका स्त्री-संघटनेने त्यांच्यासाठी शिबिरे घेतली. त्या शिबिरांत काय शिकवले? अर्ज कसा करावा, अधिकाऱ्यासमोर कसे बोलावे, कायदा काय म्हणतो, मोर्चा कसा न्यावा. हे सुद्धा प्रशिक्षणच होते, साथींनो! एका टोळीची स्त्री दुसऱ्या टोळीच्या स्त्रीला भेटली, हे सुद्धा जाळेच होते. २००९ पासून गृहखात्याची परिपत्रके निघू लागली आणि २०१९ साली कायदा झाला; सामुदायिक जमिनीत स्त्रीचा हक्क पुरुषाच्या बरोबरीने मान्य झाला. अंमलबजावणीची लढाई वेगळी लढावी लागेल, हे खरे. पण कोणत्याही व्यवसायशिबिराने जे दिले नसते, ते भांडवल या स्त्रियांनी रस्त्यावर उतरून मिळवले.

तिसरे उदाहरण पॅलेस्टाईनचे. १९६५ साली अल्-बिरेह येथे समीहा खलील यांनी 'इनाश अल्-उस्रा' ही संस्था लहानशा जागेत सुरू केली. निर्वासित आणि गरीब स्त्रियांना शिवण आणि भरतकाम शिकवणे हा आरंभीचा उद्देश. १९६७ नंतर व्यापलेल्या प्रदेशात हजारो स्त्रिया घरी बसून तिच्यासाठी भरतकाम करू लागल्या. पाळणाघर, वसतिगृह, लोककलांचा संग्रह अशी कामे वाढत गेली. १९८७ अखेरीस पहिला इन्तिफादा सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी इस्रायली लष्कराने संस्थेला टाळे ठोकले. शिवणवर्गाची भीती वाटावी, असे त्या वर्गात काय होते? एवढेच की, तेथे कमावणे आणि स्वातंत्र्य ही दोन वेगळी कामे मानली जात नव्हती. या समीहा खलील १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत यासर अराफत यांच्याविरुद्ध एकट्या उभ्या राहिल्या आणि दहा टक्क्यांहून अधिक मते त्यांनी मिळवली.

या ठिकाणी आपण आत्मपरीक्षण करावयास हवे. १९५३ साली रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली, तेव्हा इस्रायलचा मापाई पक्ष तेथे सन्मानाने उपस्थित होता. आपल्या पूर्वसूरींपैकी कित्येकांना किबुत्झच्या सामुदायिक शेतीचे विलक्षण आकर्षण होते. तेथील श्रमाची प्रतिष्ठा खरी होती. पण १९४८ साली ज्या अरब शेतकरी कुटुंबांना गावे सोडावी लागली, त्यांची बाई आपल्याला दिसली नाही. ती अल्-बिरेहच्या त्या वर्गात सुई घेऊन बसली होती. पॅलेस्टिनी भरतकामाला २०२१ साली युनेस्कोने मानवी वारसा म्हणून मान्यता दिली. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात गाझातील घरे, दुकाने, कारखाने जमीनदोस्त झाले. ज्या बाईच्या डोक्यावरचे छप्परच बाँबने उडाले, तिला धंद्याचा आराखडा कसा लिहावा हे कोण शिकवणार? शांतता आणि स्वातंत्र्य हे कोणत्याही उद्योगाचे आद्य भांडवल आहे.

आता कर्जाविषयी. गटाने एकमेकींची हमी घ्यावी आणि तारणाविना कर्ज मिळवावे, ही बांगलादेशातून निघालेली कल्पना अरब देशांतही पोहोचली. पण जॉर्डनमध्ये कर्ज न फेडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद कायद्यात होती. इजिप्तमध्ये दुकानदार आणि सावकार बाईकडून ठेवपावतीवर सही घेतात. हप्ता चुकला की तो विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. मुलीच्या लग्नाचे सामान हप्त्याने घेतले म्हणून आई गजाआड, असे तेथे असंख्यदा घडले. अशा स्त्रियांना अरबीत 'गारिमात' म्हणतात, म्हणजे कर्जबाजारी स्त्रिया. जॉर्डनमध्ये त्यांची संख्या इतकी झाली की, मार्च २०१९ मध्ये राजाला त्यांच्या कर्जफेडीसाठी देणग्यांचे आवाहन करावे लागले. शेवटी २०२२ साली कायदा बदलला आणि पाच हजार दिनारांपर्यंतच्या बहुतेक कर्जांसाठी कैद रद्द झाली. उद्योजिका बनवण्याच्या नावाने दिलेल्या कर्जापैकी किती उद्योगात गेले आणि किती आजारपणात, घरभाड्यात, लग्नात, हे विचारण्याची फुरसत कोणाला होती? २०१० साली आंध्र प्रदेशात लघुवित्त कंपन्यांच्या वसुलीपायी काय घडले, हे आपण विसरलेलो नाही. आपल्या गावच्या बचत गटांच्या दारातही आज तेच वसुलीदार उभे आहेत. दवाखाना, शाळा आणि रेशन यांची जबाबदारी सरकारने झटकली की, तिची जागा कर्ज घेते.

आणखी एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आखाती देशातील सुस्थित उद्योजिका सकाळी कचेरीत जाते, तेव्हा तिचे घर आणि मूल कोण सांभाळते? आंध्रच्या कडप्पा व गोदावरीच्या जिल्ह्यांतून गेलेली बाई, श्रीलंकेची, फिलिपिन्सची, इथिओपियाची बाई. 'कफाला' या पद्धतीने तिचे वास्तव्य मालकाच्या मर्जीशी जखडलेले असते. पासपोर्ट पुष्कळदा मालकाच्या कपाटात असतो. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी कायदा केला, ही पुढची पायरी खरी. पण एका स्त्रीचे स्वातंत्र्य दुसरीच्या गुलामीवर उभे राहत असेल, तर त्याला आपण स्त्रीमुक्ती म्हणू शकत नाही. आणि हे सांगताना आपली मान ताठ नसावी. घरकामगारांविषयीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करण्याचे भारतानेही टाळले आहे.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? माझ्या मते अशा प्रत्येक योजनेला आपण चार प्रश्न विचारावेत. ती स्त्रीला केवळ कौशल्य देते की जमीन, वारसा आणि कायदा यांवरील हक्कही शिकवते? ती उभारीत असलेले जाळे सभासदांच्या मतावर चालते की देणगीदाराच्या इच्छेवर? कर्ज बुडाले तर धोका कोणाच्या माथी, बाईच्या की कर्ज देणाऱ्याच्या? आणि या उद्योगात जी सर्वांत खाली राबते, तिला त्या सभेत जागा आहे काय? या चार प्रश्नांना होकारार्थी उत्तर असेल, तर पैसा कोठून आला एवढ्यावरून आपण त्या कामाला पाठ दाखवू नये. नसेल, तर ती केवळ सजावट आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

तेथे आपले सहप्रवासी नाहीत, असेही नाही. ट्युनिशियाच्या मध्यवर्ती कामगार संघटनेने सहकारी व सामाजिक अर्थव्यवस्थेच्या कायद्याचा आग्रह धरला आणि २०२० साली तो कायदा तेथील संसदेने केला. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले, ते जगातील सर्व स्त्रियांसाठी होते. आपल्याकडे लिज्जतच्या पापड लाटणाऱ्या आणि अन्नपूर्णाच्या खाणावळवाल्या बायकांनी जे मिळवले आणि जे गमावले, ते अर्गान फोडणाऱ्या बायकांना सांगण्यासारखे आहे. आणि सुलालियातांनी जमिनीसाठी जे केले, ते सातबारावर नाव नसलेल्या आपल्या बहिणींनी शिकण्यासारखे आहे. माझ्या दृष्टीने खरे प्रशिक्षण हेच आहे.

आपल्यापैकी जे बचत गटांत काम करतात, त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. किनित्रा परिसरातील त्या बाईने विचारलेला प्रश्न सर्वांपुढे मांडा : भावांना वाटा मिळतो, मग मला का नाही? त्यानंतरची चर्चा आपल्याला चालवावी लागणार नाही. बायकाच ती चालवतील.